बॅग भरली, पण गोळ्या कुठे आहेत?

उमराहला जाणाऱ्यांच्या घरी महिनाभर आधीपासून यादी सुरू होते. इहरामच्या चादरी, पट्टा, बिनवासाचा साबण, छोटी कात्री, दुआंची पुस्तिका, मऊ चप्पल, चिवडा, लोणचे, चहाची पूड. नातेवाईक भेटायला येतात, सलाम पोहोचवायला सांगतात, दुआ करायला सांगतात. या सगळ्या गडबडीत रक्तदाबाच्या गोळ्या यादीच्या अगदी तळाशी असतात. निघण्याच्या आदल्या रात्री कोणीतरी स्टीलच्या डबीत दहा-बारा गोळ्या सुट्या करून भरतो आणि ती डबी मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत जाते. ती बॅग विमानतळावर आपल्या हातून जाते, आणि गोळ्याही तिच्याबरोबर जातात.

दुसरीकडे कोकणातली आणि मराठवाड्यातली आपली कितीतरी माणसे कुवेत, सौदी, दुबई, मस्कत, कतार येथे वर्षानुवर्षे नोकरी करतात. चाळिशी ओलांडली की त्यांच्यातल्या अनेकांना रक्तदाब जडतो. गोळी सुरू होते गावातल्या डॉक्टरांकडे आणि ती चालू ठेवायची असते तीन हजार किलोमीटरवर, खोलीत सहा जणांसोबत राहून. म्हणून या महिन्यात आम्ही दोघांसाठी लिहीत आहोत: पंधरा दिवसांच्या प्रवाशासाठी आणि पंधरा वर्षांच्या परदेशस्थासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो. आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. कोणती गोळी, किती आणि केव्हा, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांना काय विचारायचे आणि घरून काय नीट करून निघायचे, हे आपल्या हातात आहे.

‘पांढरी गोळी, सकाळी’

आमच्या शाळेत आठवीच्या मुलांना आम्ही एकदा घरचा अभ्यास दिला होता. घरात ज्या मोठ्या माणसाला रोजचे औषध चालू आहे, त्या औषधाचे नाव, ताकद आणि वेळ लिहून आणा. बऱ्याच वह्यांत उत्तर होते, ‘दादीची पांढरी गोळी, सकाळी’ किंवा ‘अब्बांची छोटी गोळी, रात्री’. दोष मुलांचा नाही. घरात कोणालाच याहून जास्त ठाऊक नसते. गावात त्याने काही अडत नाही, कारण कोपऱ्यावरचा मेडिकलवाला चेहरा पाहून पट्टी काढून देतो. मक्केतल्या किंवा सालमियातल्या फार्मसीत ‘पांढरी गोळी’ सांगून काही मिळत नाही.

गोळीला दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले, मोठ्या अक्षरांतले. दुसरे औषधाचे खरे नाव, बहुतेक वेळा लहान अक्षरांत छापलेले. कंपनीचे नाव देशागणिक बदलते, खरे नाव सगळीकडे तेच राहते. आपल्याकडे फार चालणारी ‘टेल्मा’ ही टेल्मिसार्टन आहे. तेच टेल्मिसार्टन परदेशात ‘मायकार्डिस’ या नावाने विकले जाते. अम्लोडिपिनचेही तसेच. ज्याच्या कागदावर खरे नाव आणि मिलिग्रॅममधली ताकद लिहिलेली आहे, त्याला जगातला कोणताही फार्मासिस्ट समजून घेऊ शकतो.

नावापुढच्या अक्षरांकडेही लक्ष द्या. ‘टेल्मा’, ‘टेल्मा एएम’ आणि ‘टेल्मा एच’ ही तीन वेगळी औषधे आहेत. ‘एएम’मध्ये अम्लोडिपिन जोडलेले असते, ‘एच’मध्ये लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड. फोनवर ‘टेल्मा पाठव’ एवढेच सांगितले, तर भलतीच पट्टी येऊ शकते. पट्टीचा फोटो काढून पाठवा, त्यात चूक होत नाही.

निघण्यापूर्वीची तयारी

प्रवासाच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा, आदल्या दिवशी नव्हे. गोळी बदलावी लागली किंवा मात्रा वाढवावी लागली, तर तिचा परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात. नवी गोळी विमानात बसताना सुरू करणे बरे नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की आपण उन्हात चालणार आहोत, किती दिवस जाणार आहोत आणि रोजे असतील की नाही.

त्यांच्याकडून छापील किंवा सुवाच्य चिठ्ठी घ्या. तिच्यावर औषधांची खरी नावे, ताकद, वेळ, आजाराचे नाव, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असावा. आणि तुमचे नाव पासपोर्टवर आहे तसेच असावे. आपल्याकडे ही अडचण नेहमीची आहे. पासपोर्टवर एक नाव, आधारवर दुसरे स्पेलिंग आणि डॉक्टरांच्या कागदावर नुसते ‘हाजी चाचा’. चिठ्ठी घेतानाच पासपोर्ट पुढे ठेवा.

गोळ्या किती न्यायच्या? जितके दिवस जाणार, त्यावर एक आठवडा जास्त. पंधरा दिवसांची उमराह असेल तर बावीस दिवसांच्या गोळ्या. विमान उशिरा निघते, परतीची तारीख पुढे जाते, एखादी पट्टी हरवते. या गोळ्या हातातल्या बॅगेतच ठेवा. नवरा-बायको दोघे जात असतील तर निम्म्या एकाच्या पिशवीत, निम्म्या दुसऱ्याच्या. एक बॅग हरवली तरी औषध उरते.

गोळ्या पट्टीतच राहू द्या. डबीत सुटी केलेली गोळी कोणती, हे कस्टमच्या अधिकाऱ्यालाही कळत नाही आणि आजारी पडल्यावर तिथल्या डॉक्टरलाही नाही. शिवाय बऱ्याच गोळ्यांना दमट हवा सोसत नाही. पट्टी कापताना ज्या टोकाला नाव आणि मुदतीची तारीख छापलेली आहे, ते टोक शेवटपर्यंत ठेवा.

दुसऱ्यांचे औषध आणि नको त्या गोळ्या

रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या स्वतःपुरत्या आणि चिठ्ठीसह नेल्या तर आखाती देशांत सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती त्यांच्या शेजारी ठेवलेल्या औषधांमुळे. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलामसारख्या चिंतेवरच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके, कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांवर तिथे कडक नियंत्रण आहे. अशी औषधे नेण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. संयुक्त अरब अमिरातीत त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, सौदीतही तशी व्यवस्था आहे.

येथे एक बारकावा आहे. आपल्याकडे काही गोळ्यांत प्रोप्रॅनोलॉलबरोबर अल्प्राझोलाम किंवा इटिझोलाम जोडलेले असते. धडधड आणि घबराट यांसाठी त्या दिल्या जातात आणि घरात त्यांना सरसकट ‘बीपीची गोळी’ म्हटले जाते. पट्टीवरची लहान अक्षरे वाचल्याशिवाय हे कळत नाही. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा.

तसेच, गावचा कोणी जायला निघाला की चार घरांतून पुड्या येतात. ‘आमच्या भाईजानला एवढे औषध द्या.’ माणुसकी म्हणून नाही म्हणवत नाही. पण पुडी उघडून, पट्टीवरचे नाव वाचून आणि ज्याचे औषध आहे त्याच्या चिठ्ठीची प्रत घेऊनच ती ठेवा. चिकटवलेले पाकीट घेऊ नका. जे तुमच्या बॅगेत सापडेल, त्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल. देणाऱ्यानेही उघडे पाकीट द्यावे, यात मान-अपमानाचा प्रश्न नाही. मसाल्याबरोबर जाणारी खसखससुद्धा अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

घड्याळ, ऊन आणि पाय

भारतात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा सौदी आणि कुवेतमध्ये साडेसहा आणि दुबईत साडेसात वाजलेले असतात. दिवसातून एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्यांना एवढ्या फरकाने काही होत नाही. पोहोचल्यावर तिथल्या घड्याळाप्रमाणे ठरलेल्या वेळी घ्या. अम्लोडिपिनसारखी गोळी तर शरीरात दिवसाहून जास्त वेळ काम करत असते. अमेरिका-कॅनडासारख्या दूरच्या देशी जाणाऱ्यांनी मात्र वेळ कशी सरकवायची, ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. एखादी गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवले तर त्या दिवसाची एकच घ्या. दोन एकदम कधीच नाही.

सफा आणि मरवा यांच्यातल्या सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरच्या थोडे वर चालणे होते. तवाफ वेगळा, हॉटेल ते हरम वेगळे. घरी अंगणाबाहेर न पडणारी आमची खाला तिथे दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालते, तेही उन्हात. २०२४ च्या हजच्या वेळी मक्केत पारा ५० अंशांच्या वर गेला होता आणि तेराशेहून अधिक यात्रेकरू मृत्यू पावले. त्यांत अनेक जण वयस्क आणि जुने आजार असलेले होते.

उन्हात घाम जातो, अंगातले पाणी आणि मीठ कमी होते. त्यात रक्तदाबाची गोळी आणि विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर दाब एकदम खाली येऊन उठताना भोवळ येऊ शकते. यावर उपाय म्हणून स्वतःच गोळी बंद करू नका. सावली, छत्री, पाणी, दुपारची विश्रांती आणि भोवळ आलीच तर लगेच पाय वर करून आडवे होणे, हे पहिले उपाय. पुन्हापुन्हा भोवळ येत असेल तर दाब मोजून काफिल्याबरोबरच्या किंवा तिथल्या डॉक्टरांना दाखवा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी किती प्यायचे ते निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

मक्का ते मदिना हे अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. बसमध्ये वारंवार लघवीला जावे लागेल म्हणून आपल्या अनेक भगिनी त्या दिवशी लघवीची गोळी गुपचूप टाळतात आणि पाणीही पीत नाहीत. लाज समजण्यासारखी आहे, पण उपाय दुसरा आहे. त्या दिवशी गोळीची वेळ पोहोचल्यानंतरची ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. बहुतेकदा मार्ग निघतो.

खूप चालल्यावर गुडघे दुखतात आणि शेजारचा यात्रेकरू मोठ्या आपुलकीने गोळी पुढे करतो. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी रक्तदाब वाढतो, आणि रक्तदाबाच्या गोळीबरोबर त्या घेतल्या, त्यात अंगातले पाणी कमी झालेले असले, तर मूत्रपिंडावर ताण येतो. दुखण्यावर साधे पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळे करणारे औषध असते, त्यानेही दाब चढतो. फार्मसीत आधी ‘मला रक्तदाब आहे’ हे सांगा. अम्लोडिपिन घेणाऱ्यांच्या घोट्यांवर सूज दिसते, ती उन्हात आणि चालण्याने वाढते. घरी परतेपर्यंत पाय उंचावर ठेवणे पुरते. पण धाप लागत असेल किंवा एकाच पायाला सूज आणि दुखणे असेल तर तसेच बसून राहू नका.

रोजे असतील तर

रमजानमध्ये उमराह करण्याची ओढ अनेकांना असते. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी इफ्तार किंवा सहरीला हलवता येते. दोनदा घ्यायची असेल तर डॉक्टर कधी कधी एकदाच घ्यायची गोळी देतात. लघवीची गोळी सहरीला घेतली तर दिवसभर तहान छळते, ती इफ्तारनंतर घेण्याचा सल्ला बहुधा दिला जातो. हे सारे रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी ठरवायचे असते. ज्यांचा दाब काबूत नाही, त्यांना डॉक्टर रोजा न ठेवण्यास सांगू शकतात. कुरआनमध्ये सूरह बकरहमध्ये आजारी आणि प्रवासी दोघांनाही सवलत दिलेली आहे. ती अल्लाहने दिलेली सवलत आहे. ती घेताना मनात कमीपणा आणण्याचे कारण नाही.

जे तिथेच राहतात त्यांच्यासाठी

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ चौदा वर्षे कुवेतला होते. त्यांची मुलगी आमच्या वर्गात होती. दर सुटीत ते गावाहून सहा महिन्यांच्या गोळ्या नेत. एका वर्षी सुटी लांबली, गोळ्या संपल्या. तिथल्या डॉक्टरकडे जायचे तर अर्ध्या दिवसाचा खाडा, आणि अंगाला काही त्रासही नव्हता. दोन महिने बिनगोळीचे गेले. एका रात्री डावा हात जड झाला. खोलीतल्यांना वाटले, कामाने दमलाय, सकाळी पाहू. सकाळी ते उठू शकले नाहीत. आज ते घरी आहेत, काठीने चालतात, बोलतात तेव्हा मुलगी शब्द पुरा करते. त्या एका रात्रीत त्या घराची कमाई थांबली आणि मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणाचा बेत बदलला.

रक्तदाब दुखत नाही, हाच त्याचा सर्वांत मोठा कावा आहे. ‘त्रास नाही म्हणजे बीपी नाही’ आणि ‘दाब उतरला, आता गोळी बंद’ हे दोन्ही समज चुकीचे आहेत. गोळी चालू आहे म्हणून दाब उतरलेला असतो. मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल, क्लोनिडिन यांसारख्या गोळ्या तर एकाएकी थांबवल्या की दाब किंवा धडधड उसळून वर येते.

म्हणून परदेशी राहणाऱ्यांनी चार गोष्टी कराव्यात. पहिली, गावाहून गोळ्या नेल्या तरी तिथे एका डॉक्टरकडे आपले नाव घालून ठेवा. नोकरीतल्या आरोग्य विम्यात नियमित औषधे बसतात का, हे कार्ड हातात आल्याबरोबर विचारा. महिन्याच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढच्या मिळवा. दुसरी, खोलीतल्या सोबत्याची गोळी घेऊ नका. त्याचाही रक्तदाबच आहे, पण त्याचे मूत्रपिंड, त्याची साखर, त्याचे वय वेगळे आहे. तिसरी, गोळ्या गाडीत किंवा खिडकीपाशी ठेवू नका. बहुतेक पट्ट्यांवर ३० अंशांच्या खाली ठेवा असे लिहिलेले असते, उन्हात उभ्या गाडीत पारा त्याच्या दुपटीला जातो. चौथी, सुटीवर आल्यावर लग्ने आणि बांधकामे यांच्यातून एक सकाळ काढा. क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर आणि ईसीजी करून घ्या. टेल्मिसार्टन, रामिप्रिल घेणाऱ्यांना पहिल्या दोन तपासण्या विशेष गरजेच्या आहेत. या गोळ्या घेणाऱ्यांनी बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात पोटॅशियम असते.

जे उघड्यावर काम करतात त्यांच्यासाठी सौदी आणि अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी उन्हात काम बंद ठेवण्याचा नियम आहे. ही विश्रांती पत्ते खेळत उन्हात काढू नका. आणि घरच्यांनो, प्रेमाने पाठवलेले लोणचे, पापड, सुकट, सुका बोंबील हे सारे मिठाचे गाठोडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता नाही. पुढच्या खेपेला सुक्या मासळीचे एक पाकीट कमी करून दंडावर बांधायचे दाब मोजण्याचे यंत्र पाठवा.

मोजायचे कसे आणि धावायचे केव्हा

पाच मिनिटे शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत. आधी लघवी करून घ्या. अर्धा तास आधी चहा आणि सिगारेट नको. मोजताना बोलू नका. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि तारखेसह लिहा. आकडे सतत १४०/९० च्या वर राहत असतील तर डॉक्टरांची वेळ घ्या. १८०/१२० च्या वर गेले आणि छातीत दुखणे, धाप, अंधारी, तीव्र डोकेदुखी किंवा अंगाचा एखादा भाग लुळा पडणे यांपैकी काही असेल, तर त्याच क्षणी रुग्णवाहिका बोलवा.

चेहरा वाकडा होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, ही लकव्याची खूण आहे. यंत्रातला आकडा कितीही असो. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, त्यामुळे ‘सकाळी पाहू’ म्हणायला वाव नाही. रुग्णवाहिकेसाठी सौदीत ९९७, अमिरातीत ९९८, कुवेतमध्ये ११२, कतारमध्ये ९९९ आणि ओमानमध्ये ९९९९ हे क्रमांक आहेत. ते फोनमध्ये आणि खोलीच्या दारावर, दोन्हीकडे लिहून ठेवा. खोलीतल्या सर्वांना या तीन खुणा माहीत असाव्यात, कारण ज्याला लकवा होतो तो स्वतः फोन करू शकत नाही.

वाचकहो, काही जण म्हणतात की अल्लाहच्या घरी चाललोय, तिथे काय होणार आहे. तवक्कुल जरूर असावा. पण उंट आधी बांधा आणि मग भरवसा ठेवा, ही शिकवणही आपल्याच घरातली आहे.

आजच एक काम करा. घरातल्या शाळकरी मुलाला बोलवा. वहीच्या अर्ध्या पानावर त्याच्याकडून सुवाच्य अक्षरांत लिहून घ्या: पासपोर्टवरचे नाव, आजार, प्रत्येक गोळीचे खरे नाव, ताकद, वेळ, कशाची अॅलर्जी आणि घरच्या दोन माणसांचे फोन. एक बाजू मराठीत, दुसरी इंग्रजीत. इंग्रजी बाजू डॉक्टरांकडून तपासून घ्या. एक प्रत पाकिटात, एक पासपोर्टच्या कव्हरमध्ये, एक फोटो व्हॉट्सअॅपवर. परदेशात असलेल्या भावाला, मुलाला किंवा नवऱ्याला आज फोन लावाल तेव्हा पैसे पोहोचले का हे विचारण्याआधी विचारा, ‘गोळ्या किती दिवसांच्या उरल्या आहेत?’ अल्लाह सर्व प्रवाशांना आणि परदेशात कष्ट करणाऱ्यांना सुखरूप घरी आणो. आमीन.